वाढपी गेले कोठे?

हॉटेलात मिळणाऱ्या सेवेचा प्रश्न दैनिकाच्या पहिल्या पानावर यावा काय, अशी शंका काही वाचकांस येणे साहजिक आहे. महागाई, बेकारी, पाणीटंचाई असे विषय समोर उभे असता इडली थंड आली ही तक्रार कोणी ऐकावी? परंतु मुंबई-पुण्यासारख्या शहरांत घराबाहेर खाणे ही आता चैन राहिलेली नाही. कचेरीतील कारकून, खोली घेऊन राहणारे विद्यार्थी, एकटे पडलेले वृद्ध, दोघेही नोकरी करणारी जोडपी यांच्या लेखी कोपऱ्यावरचे उपाहारगृह हे घराच्या स्वयंपाकघराचेच लांबलेले अंग होय. तेथे गेल्या काही वर्षांत जे बिघडले आहे त्याचे मूळ शोधू लागले म्हणजे ते चवीपाशी थांबत नाही; कष्टाने आपला धंदा शिकलेल्या माणसाला या शहरांनी कसे वागविले, येथपर्यंत ते जाऊन पोहोचते. म्हणून हा विषय आम्ही येथे घेत आहोत.

तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे. टेबलाशी बसून दहा मिनिटे झाली तरी पाणी येत नाही. येते तेव्हा चार पेल्यांत चार बोटे बुडालेली असतात. आपण सांगितलेला पदार्थ शेजारच्या टेबलावर जातो आणि शेजाऱ्याचा आपल्यापुढे येतो. चौघांपैकी दोघांचे खाणे संपत येते तेव्हा उरलेल्या दोघांच्या बशा येतात. कॉफी डोशाच्या आधी हजर होते आणि डोसा येईपर्यंत तिच्यावर साय धरते. पदार्थात शेंगदाण्याचे कूट आहे काय, असे विचारावे तर वाढणारा तरुण ‘विचारून सांगतो’ म्हणून जातो तो परतत नाही. हा शेवटचा प्रश्न हौसेचा नव्हे. ज्याला शेंगदाणा बाधतो किंवा ज्याला मधुमेह आहे, त्याच्या दृष्टीने ते उत्तर वैद्याच्या सल्ल्याइतकेच मोलाचे असते. बहुतेक वेळा या तरुणाच्या वागण्यात उद्धटपणा नसतो. तो बिचारा गोंधळलेला असतो. त्याला येऊन तीन आठवडे झालेले असतात, त्याच्या वाट्याला आठ टेबले असतात, आणि काम कसे करावे हे दाखविणारे त्या जागी कोणीच उरलेले नसते.

वाढणे ही विद्या आहे, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने सांगावयास नको. लग्नामुंजीच्या पंगतीत वाढावयास आपण वाटेल त्याला उभे करीत नसू. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या हाताला, भाजी उजव्या हाताला, भातावर वरण आणि वरणावर तूप हा क्रम ज्याच्या अंगवळणी पडला आहे, कोणाचे पान रिकामे होत आले आहे हे ज्याला न विचारता दिसते, आग्रह कोठे करावा आणि कोठे आवरता घ्यावा हे ज्याला कळते, तोच हातात पातेले घेई. हॉटेलातील जुना वाढपी ही विद्या परक्या माणसांपुढे, दिवसाचे बारा तास, वर्षानुवर्षे पाजळीत असे. सहा टेबलांची मागणी कागदाचा कपटा न वापरता तो डोक्यात ठेवी. तव्यावरून उतरलेला डोसा आणि गिऱ्हाइकाची बशी यांमधील अंतर किती पावलांचे आणि किती क्षणांचे आहे, याचा हिशेब त्याच्या पायांत भिनलेला असे. भट्टीवरच्या आचाऱ्याची लहर आणि टेबलावरच्या गिऱ्हाइकाची घाई या दोहोंमध्ये तो मध्यस्थ असे. नेहमीचा गिऱ्हाईक दारात दिसताच ‘पानी कम’ची हाक आत जाई, आणि इराण्याकडे तर खाऊन उठलेल्या प्रत्येकाचा आकडा तो दारापाशीच्या गल्ल्यापर्यंत तोंडीच पोहोचवी. एखादा पदार्थ त्या दिवशी बरा उतरला नसेल तर ‘आज ते नको, दुसरे घ्या’ असे हळूच सांगण्याइतका तो गिऱ्हाइकाचाही माणूस होता.

हे वाढपी तयार कोठे होत? त्यांच्यासाठी विद्यालय नव्हते आणि प्रमाणपत्रही नव्हते. मुंबईपुरते बोलावयाचे तर उडुपी, कुंदापूर, कारकळ या किनारी मुलखातील खेड्यांतून दहा-बारा वर्षांचा मुलगा मामाचे किंवा एखाद्या गाववाल्याचे बोट धरून येई. पहिली वर्ष-दोन वर्षे कपबशा विसळण्यात जात. मग फडके हाती येई व तो टेबले पुसू लागे. मग पाणी देणे, मग पदार्थ पोहोचविणे, मग मागणी घेणे, आणि विश्वास बसला म्हणजे गल्ल्यावर बसणे. मालक परवानगी देई तेव्हा यांतील कित्येक मुले संध्याकाळी कन्नड रात्रशाळेत जात. त्यांतून शिकून वर आलेल्यांची संख्या लहान नाही. शिडीच्या टोकाला स्वतःचे हॉटेल असे. पोरवयात मुंबईस आलेल्या ए. रामा नायक यांनी १९४२ साली माटुंगा स्थानकाजवळ श्रीकृष्ण बोर्डिंग काढले. केळीच्या पानावरचे तेथील जेवण आजही प्रसिद्ध आहे. कारकळचे जयराम बनान वयाच्या १३ व्या वर्षी घर सोडून निघाले, पनवेलच्या बाजूला एका कॅन्टीनमध्ये भांडी घासू लागले, तेथेच वेटर, मुख्य वेटर व व्यवस्थापक झाले आणि १९८६ साली दिल्लीच्या डिफेन्स कॉलनीत त्यांनी ‘सागर’ उघडले. असे भाग्य हजारांत एखाद्याच्या वाट्याला येई, हे खरे. परंतु उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांना ती वरची पायरी डोळ्यांपुढे दिसत असे, आणि म्हणून ते शिकत व टिकत.

या शिडीचे गुणगान करताना तिची पहिली पायरी कशाची होती हे झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती बालपणाची होती. ज्या वयात हातात पाटी असावयाची त्या वयात सोड्याच्या पाण्याने फुटलेले हात घेऊन ही मुले मोरीपाशी उभी असत. शेवटचे गिऱ्हाईक गेले म्हणजे त्याच टेबलांवर अंथरूण पडे आणि पहिल्या चहाच्या आधी ते गुंडाळले जाई. गावी जाणे वर्षा-दोन वर्षांतून एकदा. मुंबई दुकाने व आस्थापना कायदा १९४८ साली झाला, त्यात कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टी लिहिली गेली. पण कागदावरची सुट्टी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचावयास फार वर्षे लागली, आणि काही ठिकाणी ती अद्याप वाटेतच आहे. जॉर्ज फर्नांडिस यांनी आपल्या कामगारकार्याचा आरंभ १९४९ च्या सुमारास मंगळूरला वाहतूक आणि हॉटेल कामगारांपासून केला, याचे कारण तेथील दुःख उघड्यावर होते. ज्या तत्पर, हसतमुख सेवेच्या आठवणी आपण आज उमाळ्याने काढतो, तिचे मोल आपल्या बिलात कधीच पूर्ण लावलेले नव्हते. बाकीचे कोणा एका मुलाने आपल्या शाळेच्या वर्षांतून भरले होते.

ती पायरी पुढे कायद्याने काढून टाकली, आणि ते उचितच झाले. १९८६ चा बालकामगार कायदा होता. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेले, ढाबे व चहाची दुकाने यांत १४ वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यास बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्वच व्यवसायांस लागू झाली. ज्या मुलखातून ही मुले येत तेथील परिस्थितीही पालटली. १९७४ च्या दुरुस्तीने कर्नाटकात कूळकायदा कडक झाला, कसणाऱ्याच्या हाती जमीन आली, गावोगाव शाळा झाल्या. २०११ च्या जनगणनेत दक्षिण कन्नड जिल्ह्यात साक्षरतेचे प्रमाण ८८ टक्क्यांवर आणि उडुपी जिल्ह्यात ८६ टक्क्यांवर होते. तेथला मुलगा आज अभियंता होतो, आखातात जातो, बँकेत लागतो. मुंबईत येऊन कपबशा विसळीत नाही. वाढप्यांची टंचाई ही या अर्थाने देशाच्या प्रगतीची एक पावती आहे, आणि ज्याला तिचा खेद वाटेल त्याने आपले मन तपासून पाहावे.

खेद करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. शिडीची खालची पायरी निघाली, पण तिच्या जागी दुसरी कोणी बसविली नाही. आणि त्याच काळात वरची पायरीही तुटली. शहरातील गाळ्याची अनामत आणि भाडे आज जेथे जाऊन पोहोचले आहे तेथे वेटरने पंधरा वर्षांची बचत करून स्वतःचे हॉटेल काढणे हे स्वप्नातही बसत नाही. मधल्या पायऱ्या तेवढ्या लोंबकळत राहिल्या. चढून कोठेही पोहोचत नाही अशा शिडीवर शहाणा माणूस फार वेळ उभा राहत नाही.

त्यातच २०२० चा मार्च उजाडला. टाळेबंदीत हॉटेले एका रात्रीत बंद झाली आणि ज्यांचे घरही तेच होते त्यांना एका रात्रीत काम व छप्पर दोन्ही गेले. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटू लागल्या, त्यांतून हे लोक गावी परतले. महाराष्ट्रात बसून खाण्याची मुभा ५ ऑक्टोबर २०२० पासून, तीही निम्म्या आसनांवर मिळाली. पुढील वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा दारे लागली. काही मालकांनी आपली माणसे जेवू घालून सांभाळली, त्यांचे आज बरे चालले आहे. ज्यांनी हात वर केले, त्यांच्याकडील चाळिशी-पन्नाशीचे जुने लोक फिरून आले नाहीत. त्यांनी गावात टपरी टाकली, रिक्षा घेतली, शेत पाहिले. वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव अशा रीतीने एकदम निघून गेला, आणि तो कोणाला शिकवून ठेवण्याची व्यवस्था नसल्यामुळे माणसाबरोबरच गेला.

हॉटेलमालक म्हणतात की माणसेच मिळत नाहीत. हे अर्धेच खरे आहे. शहरात काम शोधावयास येणाऱ्या तरुणांची रीघ आटलेली नाही. ओडिशा, झारखंड, बिहार, आसाम आणि नेपाळ येथून ते येतच आहेत. मिळत नाहीत ती टिकणारी माणसे. आलेला तरुण तीन महिने वेटर राहतो आणि मग दुचाकी घेऊन घरोघर खाद्यपदार्थ पोहोचवू लागतो. त्या कामात निश्चिती नाही, अपघाताचे भय आहे, हे त्याला ठाऊक असते. तरीही तेथे डोक्यावर ओरडणारा कोणी नसतो, कामाची वेळ थोडीफार आपल्या हाती राहते आणि प्रत्येक फेरीचा आकडा फोनवर दिसतो. वेटराचे काम यापेक्षा अधिक प्रतिष्ठेचे आहे असे त्याला कोण पटवून देणार? आजपर्यंत आपल्यापैकी कोणीही तसे वागून दाखविलेले नाही.

काही मंडळी या प्रश्नाचा निकाल ‘परप्रांतीयांना मराठी येत नाही’ एवढ्यावर लावतात. मराठी यावयास हवे, यात दुमत नाही. परंतु तुळू बोलणाऱ्या ज्या पिढीचे आपण कौतुक करतो तिला तरी येताना मराठी कोठे येत होते? ती पिढी आपली भाषा शिकली, गिऱ्हाइकांची नावे शिकली, गणपतीच्या दिवसांत कोणता पदार्थ अधिक लागतो आणि चतुर्थीला कोणता, हेही शिकली. कारण तिला एका जागी राहावयास वर्षे मिळाली. ज्याला पुढच्या महिन्यात दुसरीकडे जावयाचे आहे, तो भाषा कोणासाठी शिकेल?

पैशाचा हिशेबही येथे स्पष्ट झाला पाहिजे. बिलात परस्पर ‘सेवा आकार’ लावण्याची प्रथा मोठ्या उपाहारगृहांनी पाडली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तिला मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. हॉटेलचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती तत्त्वे वैध ठरविली. गिऱ्हाइकाच्या संमतीवाचून पैसे घेऊ नयेत, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. हा आकार नोकरांसाठीच असतो, असे मालकपक्षाचे म्हणणे होते. तसे असेल तर नोकराच्या पगारात तो उघडपणे घालण्यास आणि पदार्थाच्या किमतीत धरण्यास कोणती आडकाठी आहे? दुसरीकडे, बडीशेपेच्या बशीत राहणारे सुटे पैसे फोनवरून बिल भरण्याच्या सोयीने नाहीसे होत चालले. गिऱ्हाईक आकडा पाहतो, तेवढाच भरतो आणि उठतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही. पण वाढप्याच्या हाती संध्याकाळी जी चार नाणी पडत ती कोणाच्या ध्यानात न येता बंद झाली, आणि पगार तेथेच राहिला. भविष्य निर्वाह निधीचा कायदा २० किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणी सक्तीचा आहे; कोपऱ्यावरची बहुतेक लहान हॉटेले त्याच्या बाहेर राहतात. म्हणजे तीस वर्षे वाढून पाठ वाकलेल्या माणसाला म्हातारपणी देण्यासारखे त्या हॉटेलापाशी काहीही नसते.

हे असेच चालावयाचे असा काही दैवाचा नियम नाही. आपल्याच देशात याला उत्तर दिले गेले आहे. कॉफी मंडळाने आपली कॉफी हाउसे बंद करावयास घेतली तेव्हा बेकार होणाऱ्या नोकरांनी ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने १९५७ पासून सहकारी संस्था काढल्या आणि इंडियन कॉफी हाउस स्वतः चालविले. तुरेबाज फेटा बांधून कॉफी आणून देणारा माणूस तेथे भागीदार झाला. त्यांतील अनेक कॉफी हाउसे आजही उभी आहेत, आणि तेथे केस पांढरे झालेले वाढपी दिसतात. जर्मनीत उपाहारगृहातील सेवेचे शिक्षण तीन वर्षांचे असते. पॅरिसने २४ मार्च २०२४ रोजी, दशकाहून अधिक काळ बंद पडलेली वेटरांची शर्यत पुन्हा भरविली, आणि हातात भरलेले तबक घेऊन भराभर चालणाऱ्या त्या लोकांना पाहावयास शहर रस्त्यावर आले. आपण शर्यत भरवावी असे आमचे म्हणणे नाही. त्या धंद्यातील माणसाला शहर ओळखते, एवढे मात्र त्यातून घेण्यासारखे आहे.

उपाय आवाक्याबाहेरचे नाहीत. देशातील हॉटेल व्यवस्थापनाचे पहिले विद्यालय १९५४ साली मुंबईतच निघाले आणि आज ते दादरला आहे. परंतु तेथील पदवीधर तारांकित हॉटेलांत जातात, गल्लीतल्या उपाहारगृहात नव्हे, आणि त्यांनी तेथे यावे अशी अपेक्षाही चुकीची ठरेल. गल्लीला हवा आहे तो तीन-चार महिन्यांचा, काम करता करता घेता येईल असा अभ्यासक्रम, आणि तो मराठी-हिंदीतून. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या यादीत खाद्यपेय सेवेचा विषय आहे, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. लहान हॉटेलांच्या संघटनांनी पाच-दहा हॉटेलांचा गट करून त्यांचा लाभ घ्यावा, आणि शिकवावयास गावी परतलेल्या एखाद्या जुन्या वाढप्यास मानधन देऊन बोलवावे. मालकांनी पगाराच्या पायऱ्या लिहून भिंतीवर लावाव्यात: पहिल्या वर्षी इतके, तिसऱ्या वर्षी इतके, दहाव्या वर्षी नफ्यात इतका वाटा. आठवड्याची सुट्टी खरोखर द्यावी आणि निजावयास टेबलाऐवजी खोली द्यावी. कोड टिपून फोनवर खाद्यपदार्थांची यादी पाहण्याची सोय आली आहे, तिलाही आमचा विरोध नाही. मात्र यंत्राने मागणी घेतल्यामुळे जो माणूस मोकळा झाला त्याला कामावरून काढू नये, वाढावयास लावावे.

राहता राहिलो आपण, म्हणजे टेबलाच्या या बाजूला बसणारे सुशिक्षित लोक. चाळिशीच्या माणसाला ‘ए पोऱ्या’ म्हणून हाक मारण्यात आपल्याला आजवर काही वावगे वाटले नाही. चूक आचाऱ्याची असली तरी शब्द वाढप्याने ऐकावेत, असा आपला रिवाज आहे. चहाच्या दरात दोन रुपये वाढले की आपण मालकाशी हुज्जत घालतो, आणि त्याच संध्याकाळी मित्रांपुढे सेवा कशी घसरली यावर बोलतो. स्वस्त चहा, लगबगीने धावणारा नोकर आणि त्या नोकराला मनाजोगे बोलण्याची मोकळीक, या तिन्ही गोष्टी एकाच बिलात मिळण्याचा काळ संपला आहे. तो संपला हे चांगले झाले. पुढे ज्याला चांगली सेवा हवी असेल त्याला तिची वाजवी किंमत मोजावी लागेल आणि देणाऱ्याला नावाने हाक मारावी लागेल. चांगला वाढपी तयार व्हावयास दहा वर्षे लागतात. ती दहा वर्षे एखाद्या तरुणाने या कामाला द्यावीत असे वाटत असेल, तर ती वाया जाणार नाहीत, हे त्याला मालकाने, सरकारने आणि गिऱ्हाइकाने मिळून दाखवून दिले पाहिजे.